आजोबांच्या छापखान्याच्या तीन नमुनावह्या (म्हापसा, १९५१ ते १९६८)

छापखान्याची_नात | २ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पावसाआधी म्हापशाच्या घराचा माळा रिकामा करायला घेतला आणि पत्र्याच्या पेटीत तीन जाड वह्या सापडल्या. आमचा छापखाना १९८९ साली बंद झाला. यंत्रं भंगारात गेली, खिळे (छपाईची सुटी धातूची अक्षरं) वितळवायला गेले. घरात काही उरलंय याची कुणाला कल्पनाच नव्हती.

या आजोबांच्या नमुनावह्या. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत डिंकानं चिकटवलेली आणि तिच्याखाली शाईनं गिऱ्हाइकाचं गाव, कागद, प्रती, शाई, मजुरी. तिन्ही वह्या मिळून सहाशेच्या वर पानं भरतात. फेणीच्या बाटल्यांची लेबलं, सोड्याच्या कारखान्यांची लेबलं, विडीच्या बंडलांच्या पट्ट्या, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रकं, तियात्रांची (कोकणी नाटकांची) हस्तपत्रकं, मुंजीच्या आणि लग्नाच्या पत्रिका, ख्रिस्ती घरांतली वर्षश्राद्धाच्या मिसेची (चर्चमधल्या प्रार्थनेची) कार्डं, बसची तिकिटं. मराठी, पोर्तुगीज, रोमी (म्हणजे रोमन लिपीतली) कोकणी सगळं एकमेकांच्या शेजारी.

गेले वीस दिवस रोज रात्री जेवणं उरकली की पानं उलटते आहे. मी बँकेत काम करते, चित्रकलेतलं मला काही कळत नाही. तरी काही पानांवर हात थांबतोच (फोटो जोडलेत). एक लेबल काजूच्या फेणीचं आहे. शाया दोनच वापरल्यात, पिवळी आणि निळी. बोंड पिवळं, मागचा डोंगर निळा, आणि दोन्ही एकावर एक येतात तिथे पान हिरवं झालंय. बाटली काढलेलीच नाही, कोरा कागद सोडलाय आणि त्या कोऱ्या जागेलाच बाटलीचा आकार आलाय. दोन शायांत चार रंग! दुसरं एक नाटकाचं हस्तपत्रक. नाटकाचं नाव हातानं रेखलेलं. शिरोरेषा उजवीकडे लांबवत नेलीय, तिचंच पुढे देवळाचं छप्पर झालंय, आणि छपराखाली समई. मी ते पान चार वेळा बंद करून परत उघडलं.

हे कुणी काढलं? वहीत चित्रकाराचं नाव कुठेच नाही. ‘चितारी’ एवढाच शब्द आणि पुढे मजुरी.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली. मधल्या वहीतल्या सत्तर-ऐंशी पानांवर तारखा नाहीत. काळ कसा ओळखायचा?

दुसरी. काही हस्तपत्रकांवर जांभळा गोल शिक्का आहे, त्यात पोर्तुगीज अक्षरं. तो कसला?

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पावसात हे टिकवायचं कसं?

जाता जाता अजून एक. ते काजूचं लेबल वहीत चार वेळा आलंय, वेगवेगळ्या पानांवर. पहिल्यात रेघ धारदार आहे. शेवटच्यात पिवळ्या बोंडाची कड फिसकटलेली दिसते. शाई पातळ झाली असणार.

---

अबोली | २ जून, रात्री १०.१५

काय ठेवा मिळालाय तुम्हाला! फोटो बघून अंगावर काटा आला. ते शिरोरेषेचं छप्पर केवळ अप्रतिम.

---

मांडवीपार | ३ जून, सकाळी ७.०५

ताई, तारखेची काळजी नको. पैसे बघा, पैसे तारीख सांगतात. मी बेतीला राहतो, चाळीस वर्षं नाणी, नोटा आणि तिकिटं जमवतोय, त्यामुळे एवढं खात्रीनं सांगू शकतो.

पोर्तुगीज अमलात इथे रुपिया चालत होता. एका रुपियाचे सोळा टांगे, एका टांग्याचे साठ रेइस. नाटकाचं तिकीट ‘४ टांगे’ असं छापलेलं असेल तर ते पान १९५८ किंवा त्याआधीचं. १९५९ च्या सुरुवातीला रुपिया गेला आणि इस्कूद आला, सहा इस्कूदांना एक रुपिया या भावानं. त्या वर्षीच्या नोटा ३०, ६०, १००, ३००, ६०० आणि १००० इस्कूदांच्या. तीस आणि साठ हे आकडे आज विचित्र वाटतात, पण सहानं भागून बघा. तीस म्हणजे पाच रुपिये, साठ म्हणजे दहा, सहाशे म्हणजे शंभर. लोकांच्या डोक्यातला हिशोब मोडू नये म्हणून नोटाच तशा काढल्या. सगळ्यांवर गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द अल्बुकेर्कचं चित्र.

इस्कूद छापलेलं पान म्हणजे १९५९ ते १९६१. तीन वर्षांची अरुंद खिडकी, म्हणून असा छापील कागद फार कमी दिसतो. तुमच्याकडे असेल तर जपा.

मुक्तीनंतर भारतीय रुपया आला. तेव्हा देशात दशमान पद्धत होती आणि पैशाला ‘नये पैसे’ म्हणत. ‘२५ न. पै.’ असं छापलेलं असेल तर १९६२ ते १९६४, कारण १ जून १९६४ पासून ‘नये’ गळलं. नुसते ‘पैसे’ असतील तर त्यानंतरचं. तुमच्या वह्या १९६८ ला संपतात, पण कुणाकडे पुढचे कागद असतील तर पत्त्यात पिन कोड शोधा. तो ऑगस्ट १९७२ चा.

पानावर किंमत नसेल तर खाली आजोबांनी मजुरी कशात लिहिलीय ते बघा. तेवढंही पुरतं.

---

छापखान्याची_नात | ३ जून, रात्री ९.२०

मांडवीपार, तुम्ही मला पूर्ण रात्र जागवणार. आत्ता तासाभरात बावीस पानांचा काळ लागला. इस्कूदांची नऊ पानं आहेत! मजुरीचा रकाना मी आजवर वाचतच नव्हते, फक्त चित्रं बघत होते.

---

अबोली | ४ जून, दुपारी १.३०

माझं मत सांगते, पटलं तर बघा. वहीत बंद राहिलं तर हे पुन्हा माळ्यावरच जाणार. सगळ्यात सुंदर पंचवीस-तीस लेबलं हलक्या हातानं सोडवून घ्या, चांगल्या फ्रेममध्ये लावा. आमच्या नात्यातल्या एकांनी आसगावात जुनं घर पाहुण्यांसाठी सजवलंय, तिथे भिंतीवर असं काही लावायची त्यांची फार इच्छा आहे. लोक बघतील, गोव्याची खरी ओळख त्यांना कळेल. काजूचं लेबल तर चार आहेत, त्यातली तीन काढली तरी वहीत एक राहीलच.

---

रेघोटी | ४ जून, दुपारी २.१०

कृपा करून सोडवू नका. एकही नको.

संध्याकाळी सविस्तर लिहिते. आत्ता शाळेत आहे.

---

रेघोटी | ४ जून, रात्री ८.५०

मी चित्रकला शिकवते. मडगावची. अबोलीताई, तुमची तळमळ समजते, मलाही हे लोकांनी बघावंसं वाटतं. पण आधी हे काय आहे ते बोलूया.

आपल्याकडे त्या काळातल्या छपाईतल्या चित्रांचं नाव निघालं की आपण मुंबईकडे बघतो, आणि ते बरोबरच आहे. दीनानाथ दलाल आमच्या मडगावचे, जन्म १९१६ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकले आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा अंक काढला. मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं त्यांनी एवढी केली की आपल्या आजीआजोबांच्या कपाटात हात घातला तर एखादं निघतंच. रघुवीर मुळगावकर अस्नोड्याचे, म्हणजे तुमच्या म्हापशाच्या अगदी शेजारचे. त्यांच्या कॅलेंडरांतले देव घराघरात पुजले गेले. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचा जन्म दमणचा, घर लोटलीचं. रीतसर कलाशिक्षण नव्हतं, पण १९४९, ५० आणि ५१ च्या त्यांच्या चित्रमय दैनंदिन्या बघा, गावातली लग्नं, पाद्री, कुत्री, भांडणं, एकही दिवस रिकामा नाही. या सगळ्यांना नाव मिळालं, कारण त्यांना मुंबई मिळाली. गोव्यात कला महाविद्यालय सुरू झालं ते थेट १९७२ साली. त्याआधी शिकायचं तर बोटीत किंवा गाडीत बसून जायचं. ज्यांना जाता आलं नाही त्यांनी काय केलं? हातात कसब होतं, घरी शेत होतं, म्हातारी आई होती. ते इथेच राहिले. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, देवळाच्या भिंती रंगवल्या, चवथीला मूर्तींचे डोळे रेखाटले. आणि छापखान्यानं बोलावलं की लेबल काढून दिलं.

तुमच्या वह्यांत ही माणसं आहेत. म्हणून मला त्या दलालांच्या मुखपृष्ठाइतक्याच मोलाच्या वाटतात.

आता काजूच्या लेबलाकडे. पिवळ्यावर निळा चढवून हिरवा काढणं ही त्या काळच्या सगळ्या चांगल्या मुखपृष्ठकारांची युक्ती. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागायचा, कागद यंत्रातून वेगळा काढावा लागायचा, रंग वाढला की खर्च वाढायचा. म्हणून चित्रकार रंगाचा विचार ठशांच्या संख्येत करत. कोरा कागद हा त्यांचा फुकटचा रंग. दलालांची दोन-तीन रंगांतली मुखपृष्ठं समोर ठेवा, कागदाच्या पांढऱ्याचं केवढं काम करून घेतलंय ते कळेल. म्हापशातल्या त्या चितारीला हे कुणी शिकवलं असेल? ती मुखपृष्ठं बघूनच शिकला असेल असं मला वाटतं. दिवाळी अंक इथे हातोहात फिरत.

शिरोरेषेबद्दल अजून एक. मोठ्या आकाराचे नागरी खिळे छोट्या छापखान्यांकडे थोडेच असत. रोमी अक्षरांचे तऱ्हेतऱ्हेचे मोठे खिळे मिळायचे. नागरीत मात्र नाटकाचं नाव ठसठशीत हवं तर चित्रकारालाच काढावं लागे. तुमच्याच वहीत तियात्राचं हस्तपत्रक आणि मराठी नाटकाचं हस्तपत्रक शेजारी ठेवून बघा. तियात्राचं नाव बहुधा खिळ्यांत जुळवलेलं असेल आणि नाटकाचं हातानं काढलेलं. आपल्याकडे रेखीव अक्षरांची परंपरा या अडचणीतून वाढली.

हे शेजारी ठेवून बघणं वही शाबूत आहे म्हणून जमतं. लेबल सोडवून भिंतीवर लावलं की ते सुंदर लेबल होतं, एवढंच. कुणी मागवलं, किती छापलं, आदल्या पानावर काय होतं, सगळं सुटतं. भिंतीसाठी चांगली प्रतिमा काढून छापून घ्या की. अस्सल वहीतच राहू दे.

---

कुळागर | ४ जून, रात्री ९.३०

रेघोटी यांच्याशी शंभर टक्के सहमत. पणजीत आपल्या अभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला रखवालदार. तिथे फर्मानं आहेत, पत्रव्यवहार आहे, जमिनीचे दस्त आहेत. फेणीचं लेबल राज्यकर्ते कशाला सांभाळतील? ते एखाद्या म्हापशाच्या आजोबांनाच सांभाळावं लागतं.

टिकवण्याबद्दल उद्या लिहितो. सध्या फोंड्यात वीज नाही.

---

निळी_शाई | ६ जून, सकाळी ६.१५

बाय, तुझा धागा माझ्या मुलानं वाचून दाखवला. मी सांगतोय आणि तो टंकतोय. मी जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर तयार करणारा. बारदेशातल्या एका छापखान्यात १९५६ साली बाराव्या वर्षी लागलो, झाडू मारायला आणि खिळे परत खणात टाकायला. तुझ्या आजोबांना मी ओळखत होतो. आमच्याकडे कागद संपला की त्यांच्याकडून उसना आणायला मलाच पाठवत.

जांभळ्या शिक्क्याचं सांगतो. तो तपासणीचा शिक्का. पोर्तुगिजांच्या वेळी काहीही छापायचं तर आधी मजकूर दाखवून परवानगी घ्यावी लागे. वर्तमानपत्र तर सोडच, लग्नाची पत्रिकासुद्धा. मालक दोन प्रती काढून पाठवायचा, एक शिक्का मारून परत यायची, मग यंत्र सुरू. लग्न आठ दिवसांवर आलंय आणि पत्रिका अजून सुटत नाही म्हणून मुलीचा बाप आमच्या पायरीवर बसून राहिलेला मी बघितलाय. तुझ्या वहीत शिक्क्याची जी प्रत आहे तीच परवानगी मिळून आलेली प्रत. आजोबांनी पुरावा म्हणून ठेवली असणार. हे शिक्के १९६१ च्या डिसेंबरपर्यंत दिसतील, पुढे नाही.

आता ठशांचं. चित्र छापायचं तर जस्ताचा ब्लॉक लागे. काळ्या शाईनं चित्र काढायचं, त्याचा फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, मग तो पत्रा तेजाबात खायला लावायचा. रेघ उभी राहते, बाकीचं खाली जातं. तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणला की यंत्रावर चढतो. हे ब्लॉक मुंबईहून यायचे. चित्र टपालानं जायचं, पंधरा-वीस दिवसांनी ब्लॉक यायचा.

१९५५ साली भारतानं गोव्याची नाकेबंदी केली. आगगाडी थांबली, ये-जा थांबली, माल थांबला. तुझ्या वहीत बघ, त्या वर्षानंतर मुंबईच्या ब्लॉकाची नोंद आहे का? नसणार. आमच्याकडेही नव्हती. पण गिऱ्हाईक तर लेबल मागतंच. तेव्हा चितारी आणि सुतार दोघं मिळून लाकडावर ठसे कोरायला लागले. शिवणीचं जुनं, वाळलेलं लाकूड. चितारी उलटं चित्र काढून द्यायचा, सुतार कोरायचा. लाकडात केसासारखी रेघ टिकत नाही, मोडते. म्हणून चित्रं ठसठशीत झाली, रंगाचे मोठे सपाट भाग आले. आज तुम्ही त्याला शैली म्हणता. आम्हाला तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पण खरं सांगतो, आम्हाला स्वतःलाही ती चित्रं मुंबईच्या ब्लॉकांपेक्षा आवडायची. ती आपली वाटायची.

पोर्तुगीज अक्षरांत सी च्या खाली शेपटी असते ना, तो खिळा नेहमी अपुरा पडायचा. मग साध्या सी खाली स्वल्पविराम घासून बसवायचो. तुझ्या वहीत भिंग घेऊन बघ, शेपटी थोडी तुटक दिसली तर ते कुणा जुळाऱ्याच्या हातचं.

---

छापखान्याची_नात | ६ जून, रात्री १०.४५

काका, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती मध्येच उठून आत गेली.

वही उघडून बसले. मुंबईच्या ब्लॉकाची शेवटची नोंद १९५५ च्या मे महिन्यातली, सोड्याच्या लेबलासाठी. पुढे दोन महिने नुसती अक्षरंच, एकही चित्र नाही. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा ‘सुतार’ हा शब्द येतो. आणि काका, तिथून वही बदलते. मला जी पानं आवडली होती, जिथे हात थांबत होता, ती बहुतेक सगळी १९५५ ते १९६१ मधली निघाली. मी आठवडाभर ‘चितारी कोण’ एवढंच शोधत होते. शेजारच्या रकान्यातला सुतार मला दिसलाच नव्हता.

सी ची शेपटी पण सापडली. मिसेच्या कार्डावर, तीन जागी.

---

अबोली | ७ जून, सकाळी ८.००

मी माझी सूचना मागे घेते. काकांचं वाचल्यावर पानं सोडवायचा विचारही करवत नाही. आसगावसाठी प्रतिमा छापून लावू, शेजारी वहीतली नोंदही लावू. सुताराच्या मजुरीसकट.

---

कुळागर | ७ जून, दुपारी ४.२०

वीज आली. आता टिकवण्याबद्दल. आमच्या घरी पोथ्या आहेत, त्यामुळे पुष्कळ चुका करून शिकलोय.

सगळ्यात आधी चिकटपट्टी कुठेही लावू नका. फाटलेलं दिसलं की हात शिवशिवतात, पण पट्टीचा गोंद पाच-सहा वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग निघत नाही. प्लास्टिकचं लॅमिनेशनही नको, एकदा केलं की परतीचा रस्ता नाही. वह्या आडव्या ठेवा, उभ्या ठेवल्या तर चिकटवलेल्या कागदांच्या वजनानं शिवण फाटते. दोन पानांमध्ये आम्लरहित पातळ कागद घाला, नाहीतर पावसात एका पानाची शाई दुसऱ्यावर उठते. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका. आम्ही मलमलच्या पुरचुंडीत वेखंड बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवतो, कसर लागत नाही. पत्र्याची पेटी नको, आत घाम धरते. घरातल्या आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर, हवा खेळेल असं लाकडी कपाट बघा. आणि पावसात उन्हाची तिरीप आली म्हणून वह्या अंगणात वाळवू नका. कडक उन्हात कागद कुरकुरीत होतो, शाई उडते.

प्रतिमा घेताना पान सपाट दाबायचा प्रयत्न नको, वहीची पाठ मोडेल. वरून कॅमेऱ्यानं घ्या. पूर्ण पान घ्या, कडांसकट, डागांसकट. मग हवं तर चित्र जवळून. एक फोटो बाजूनं प्रकाश टाकून घ्या, ठशानं कागदात केलेला खळगा दिसतो. पानांना क्रमांक घालायचे तर मऊ पेन्सिलनं, कोपऱ्यात.

---

दर्या | ७ जून, सायंकाळी ६.५५

या प्रतिमा सगळ्यांसाठी खुल्या करायचा विचार असेल तर हक्काचं एक ध्यानात ठेवा. आपल्या कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत. मुळगावकरांचा २०३६, मारियोंचा २०७१. चित्रकाराचं नावच नसेल तर प्रसिद्धीनंतर साठ वर्षं धरतात. लेबलं त्यात बसतात. पण पुढे चितारीचं नाव लागलं तर गणित बदलेल, त्याच्या घरच्यांना विचारावं लागेल. मी तर म्हणेन नियम काहीही असो, विचारावंच.

---

मांडवीपार | १२ जून, रात्री ९.१०

ताई, तिसऱ्या वहीत १९६७ च्या जानेवारीतली पानं आहेत का? जनमत कौलाची?

---

छापखान्याची_नात | १३ जून, रात्री ११.००

आहेत. समोरासमोरची दोन पानं. डावीकडे फूल, उजवीकडे दोन पानं.

तरुण वाचकांसाठी सांगते, १६ जानेवारी १९६७ ला गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून राहावा यावर मतदान झालं. विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची खूण दोन पानं. संघप्रदेशाला १,७२,१९१ मतं पडली आणि विलीनीकरणाला १,३८,१७०. आजोबा विलीनीकरणाच्या बाजूचे होते, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आई सांगते, त्या निकालानंतर दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. आणि वहीत बघितलं तर दोन पानांचं पत्रक फुलाच्या पत्रकाइतक्याच निगुतीनं छापलेलं. तीच काळी शाई, तसाच चांगला कागद. पानांच्या शिरासुद्धा नीट कोरलेल्या. दोन्हींची मजुरी सारखी.

फुलाला पाच पाकळ्या आहेत. देठ कोरताना सुतारानं त्याला किंचित बाक दिलाय. मतपत्रिकेवरच्या खुणेला बाक द्यायची गरज नव्हती.

---

रेघोटी | १३ जून, रात्री ११.२०

हे वाचून झोप येणार नाही. खुणेच्या चित्राची गंमतच ही. ज्याला वाचता येत नाही त्यानं तेवढ्या चित्रावर शिक्का मारायचा, तेही गर्दीत, घाईत. फूल हे फूलच दिसलं पाहिजे आणि पान पानच, तळहाताएवढ्या जागेत. लाकडावर ठसठशीत कोरायची सवय झालेल्या माणसाला हे काम सहज जमलं असणार.

कौलावर वाद इथे नको अशी सगळ्यांना विनंती. चित्रांबद्दलच बोलूया.

---

निळी_शाई | २० जुलै, सकाळी ७.३०

बाय, पेटी सापडली त्याच माळ्यावर लाकडाचे ठोकळे आहेत का बघ. काळे, मळके, जळणासारखे दिसतील. फेकू नको. पाण्यानं धुऊ पण नको.

---

छापखान्याची_नात | २२ जुलै, रात्री ९.००

काका, होते. नारळाच्या करट्यांच्या गोणीत. अकरा ठोकळे. आई चवथीच्या खाज्यासाठी चुलीत घालणार होती.

---

छापखान्याची_नात | ११ ऑगस्ट, रात्री १०.३०

शेवटचं आणि सगळ्यात मोठं सांगायचंय, म्हणून उशीर झाला.

काल निळी_शाई काका मुलाबरोबर घरी आले. येताना घासलेटची बाटली, जुनं धोतर, शाईचा रूळ आणि डब्यात उरलेली निळी शाई घेऊन आले. पडवीत बसले. ठोकळे एकेक करून घासलेटच्या फडक्यानं पुसत गेले आणि काळ्या मळातून चित्रं वर यायला लागली. सोड्याची बाटली. समई. अननस. दोन पानं, शिरांसकट. फूल मात्र सापडलं नाही.

आठवा ठोकळा काजूच्या लेबलाचा. डोंगर, पानाचा निळा भाग, बाटलीची मोकळी जागा. मी विचारलं, पिवळा कुठाय? सगळे ठोकळे बघितले, पिवळ्याचा नाही. काकांनी तोच ठोकळा हातात घेतला आणि उलटा केला.

मागच्या बाजूला बोंड होतं. त्या दिवसांत वाळलेलं लाकूड मिळत नव्हतं, सुतारानं एकाच ठोकळ्याच्या दोन्ही अंगांवर दोन रंग कोरले होते. काकांनी बोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “वहीत हे किती वेळा आहे म्हणालीस?”

चार वेळा. १९५७, १९५८, १९६० आणि १९६२. वही आणून चारही पानं दाखवली. काकांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग सांगितलं, “शाई पातळ नव्हती गो. निळा छापताना बोंड खाली यंत्राच्या पाटाला दाबलं जायचं. प्रत्येक वेळी हजार-दोन हजार दाब. म्हणून याची कड दर खेपेला बोथट होत गेली.”

पहिल्या पानावर कड सुरीसारखी. दुसऱ्यावर किंचित मऊ. तिसऱ्यावर उजवीकडून खचलेली. चौथ्यावर फिसकटलेली, आणि तिथे आजोबांनी मजुरीखाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘सुतारास नवा ठोकळा सांगणे’. हे वाक्य मी जूनमध्येही वाचलं होतं.

काकांनी निळ्या बाजूवर रूळ फिरवला. मी कागद धरला. यंत्र नव्हतं, त्यांनी चमच्याच्या पाठीनं घोटला. कागद उचलला तर डोंगर आला, निळं पान आलं, मध्ये कोरी बाटली. पिवळ्या बाजूला हात लावायला त्यांनी नको म्हटलं, आता ती कड अजून झिजायला नको.

सहाशे अडतीस पानांपैकी चारशे दहांच्या प्रतिमा झाल्यात. चवथ झाल्यावर उरलेल्या करते. सुताराचं घर गिरी गावात होतं असं आईला पुसटसं आठवतंय. रविवारी तिला घेऊन जाणार आहे, बरोबर काजूचा ठोकळा नेणार आहे.